एका गोळीने काय होते?

आमच्या घरी फ्रिजवर बिस्किटांची एक जुनी पत्र्याची डबी आहे. तिच्यात बिस्किटे नाहीत, गोळ्या आहेत. तापाच्या, पित्ताच्या, डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या. काही अख्ख्या पट्ट्या, काही मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेले दोन-दोन गोळ्यांचे तुकडे. घरात कुणी कण्हले की पहिले वाक्य ठरलेले, "डबीत बघा." अशी डबी तुमच्याही घरी असेल. ती घरापुरतीच राहते असेही नाही. शेजारच्या वहिनींची कंबर धरली, गावाकडून आलेल्या काकांचे गुडघे बोलू लागले, की डबी उघडते. चहा विचारावा तशी आपल्याकडे गोळी विचारली जाते. त्यात माया असते, हे कुणी नाकारणार नाही.

याच डबीतल्या गोळ्यांनी मी माझ्या थोरल्या बहिणीला मरणाच्या दारात नेऊन ठेवले होते. आज ती बरी आहे, रोज फिरायला जाते, मला दटावते. म्हणूनच हे लिहायचा धीर होतो आहे.

मी चिकलठाण्याचा. आयुष्यभर इथल्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून काम केले. साठच्या दशकात इथे वसाहत आली आणि जालना रोडच्या कडेची शेती हळूहळू शेडखाली गेली. पुढे औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, चिकलठाण्यात 'मिनी घाटी' म्हणून ओळखले जाणारे जिल्हा रुग्णालय उभे राहिले, विमानतळाचा रस्ता रुंद झाला. शिफ्टमधल्या माणसाचे दुखणे मात्र तेच राहिले. पाठ, मान, गुडघे. सेकंड शिफ्टला जाताना खिशात तंबाखूची पुडी आणि दुखण्याची गोळी घेऊन निघणारे कितीतरी सोबती मी पाहिले. 'दुखतंय तर गोळी टाक आणि मशीनवर उभा राहा,' हे आमचे शास्त्र. ते शास्त्र मी घरीही आणले.

अक्काची इथे खानावळ होती. वसाहतीतल्या पोरांना दोन वेळचे जेवण. पहाटे चारला उठायची, दीडशे-दोनशे भाकरी थापायची आणि पोरे जेवून गेल्यावर उरलेसुरले स्वतः खायची, तेही उभ्याने. पन्नाशी ओलांडेपर्यंत वजन एकशे सोळा किलोवर गेले. साखर आली, रक्तदाब आला, गुडघ्यांनी तर पार हात टेकले. जिना चढायचा म्हणजे तिला संकट वाटे.

पोटाच्या शस्त्रक्रियेने वजन उतरवता येते, हे आमच्यासारख्यांना वर्तमानपत्रांतूनच कळले. नितीन गडकरींनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचे नाव घरोघरी पोचले. पुढे २०१७ मध्ये इमान अहमद ही सुमारे पाचशे किलो वजनाची इजिप्शियन महिला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणली गेली, तेव्हा तर नाक्यानाक्यावर तीच चर्चा. अक्काच्या मुलाने चौकशी केली, डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि २०१९ च्या हिवाळ्यात तिची 'बायपास' झाली. हृदयाची नव्हे, जठराची.

शस्त्रक्रियेला मी दोष देणार नाही. दीड वर्षात अक्का चौऱ्याहत्तर किलोवर आली. इन्सुलिन सुटले. वजन एक किलो उतरले की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. तो फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला. पण वीस वर्षे झिजलेले गुडघे नवे होत नाहीत. आणि इथेच या गोष्टीतली खरी अडचण आहे. जाड माणसाला वेदनाशामक गोळीची सर्वांत जास्त सवय असते, कारण त्याचे सांधे दुखत असतात. आणि वजनासाठी बायपास करून घेतल्यावर तीच गोळी त्याला सर्वांत जास्त धोक्याची होते.

दवाखान्यातून सुटताना मिळालेल्या कागदावर हे लिहिलेले होते. इंग्रजीत, बाराव्या की तेराव्या ओळीला, 'अव्हॉइड एनसेड्स'. म्हणजे काय, हे आम्ही कुणी विचारले नाही. प्रोटीनची पावडर किती, पाणी घोटघोट कसे प्यायचे, कोणती जीवनसत्त्वे, हे सगळे सुनेने पाठ केले. ती एक ओळ फाइलसकट कपाटावर गेली.

लग्नघर आणि गोळी

२०२२ च्या मे महिन्यात माझ्या मुलीचे लग्न होते. अक्का पंधरा दिवस आधीच येऊन राहिली. पापड, लाडू, रुखवत, पाहुणे. ती काय एका जागी बसणार! दुसऱ्याच संध्याकाळी गुडघे धरून बसलेली दिसली. मी डबी काढली.

"ही घे. सकाळी एक, रात्री एक. जेवून घे म्हणजे पोटाला लागत नाही."

"मला चालते ना रे?"

"अगं, दुखण्याची साधी गोळी. एका गोळीने काय होतंय!"

एका गोळीने कदाचित काही झालेही नसते. पण गोळी लागू पडली, गुडघे हलके झाले, आणि मग लग्न होईपर्यंत, पाहुणे जाईपर्यंत, पूजा होईपर्यंत असे करत तीन आठवडे ती चालूच राहिली. संपली की मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी आणायचो. कापलेल्या पट्टीच्या तुकड्यावर औषधाचे नावसुद्धा नसायचे.

तिसऱ्या आठवड्यात अक्का भाचीसुनेजवळ म्हणाली की शौचाला काळे होते आहे. बायपासनंतर लोहाच्या गोळ्या कायमच्या असतात, आणि लोहाने शौचाचा रंग काळपट होतो, हे सगळ्यांना ठाऊक. "लोहाचंच असेल," असे म्हणून विषय संपला. चार दिवसांनी पहाटे चुलीपुढे उभी असताना तिला घेरी आली आणि ती खाली बसली ती उठेचना. हातपाय गार, तोंड कागदासारखे पांढरे.

इस्पितळात हिमोग्लोबिन निघाले साडेपाच. रक्ताच्या पिशव्या लागल्या. तोंडातून दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा जठर आणि आतडे जिथे जोडले होते नेमक्या त्या सांध्यावर अल्सर होता आणि तो झिरपत होता. तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "यांना दुखण्याच्या गोळ्या कोण देत होतं?"

मी म्हणालो, "मी."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते. त्याने एका कागदावर पोटाचे चित्र काढून मला समजावून सांगितले. पुढे मी स्वतः वाचत गेलो, विचारत गेलो. फिटरच्या भाषेत ते असे आहे.

सांध्याची गोष्ट

आमच्याकडे प्लेटिंगच्या शॉपमध्ये अॅसिडच्या टाक्या असत. लोखंडी टाकीत अॅसिड टिकते, कारण तिला आतून रबराचे अस्तर असते. जठराचेही तसेच. आत अॅसिड, आणि त्यापासून वाचवणारे चिकट पदार्थाचे अस्तर. ते सतत झिजते आणि सतत भरून निघते. या भरणीचे काम ज्यांच्या हुकमाने चालते, ती शरीरातली द्रव्ये म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. गंमत अशी की दुखऱ्या सांध्यात सूज आणि वेदना वाढवण्यातही याच कुळातल्या द्रव्यांचा हात असतो. वेदनाशामक गोळी ती द्रव्ये बनू देत नाही. गुडघ्यात बनली नाहीत, दुखणे थांबले. जठरातही बनली नाहीत, अस्तराची डागडुजी थांबली. अॅस्पिरिन १८९७ पासून माहीत असले, तरी त्याचे हे काम जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये उलगडले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्याचा वाटा होता.

आता बायपास. धडधाकट जठरात जेवताना लिटर-दीड लिटर मावते. बायपासमध्ये त्याच्या वरच्या टोकाची लिंबाएवढी छोटी पिशवी वेगळी करतात आणि तिला थेट लहान आतडे जोडतात. मूळ जठरानंतर येणाऱ्या आतड्याच्या पहिल्या भागाला अॅसिड झेलायची सवय असते, तिथे ते मारणारा क्षारयुक्त रसही असतो. खालच्या आतड्याला ना ती सवय, ना ते संरक्षण. आणि मध्ये शिवलेला सांधा. पाइपलाइन गळायला लागली की फिटर आधी जॉइंट बघतो. पोटाचेही तेच. या सांध्यावरच्या जखमेला डॉक्टर 'मार्जिनल अल्सर' म्हणतात.

हा अल्सर सर्वांना होत नाही. बायपास केलेल्या शंभरातल्या काहींनाच होतो. पण होण्याच्या कारणांत वेदनाशामके आणि धूम्रपान ही ठळक आहेत. जठरात राहणारा 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतूही त्यात येतो. म्हणून तो आहे का, हे बरेच शल्यविशारद आधीच तपासून घेतात. अक्का लहानपणापासून मिश्री लावायची. तंबाखू ती तंबाखूच, म्हणून डॉक्टरांनी तीही सोडायला लावली.

आणखी एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. बायपासमध्ये बाजूला ठेवलेले मोठे जठर काढून टाकत नाहीत. ते आतच असते, अॅसिड बनवतच असते, आणि तिथे अल्सर झाला तर नेहमीची दुर्बीण तिथवर पोचतही नाही.

नियतीचा खेळ पाहा. ही शस्त्रक्रिया सुचली तीच अल्सरमुळे. अल्सरसाठी जठराचा भाग कापलेल्या रुग्णांचे वजन उतरते, हे पाहून अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये वजनासाठी बायपास सुरू केली. १९९७ मध्ये रॉबर्ट रुटलेज यांनी 'मिनी बायपास' आणली, आपल्याकडेही ती बरीच होते. नाव मिनी असले तरी सांधा त्यातही असतो. 'स्लीव्ह' नावाच्या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग काढून उरलेल्याची केळ्यासारखी नळी करतात. त्यात आतड्याशी नवा सांधा नसतो, म्हणून धोका कमी धरला जातो आणि काही डॉक्टर थोड्या दिवसांपुरती मुभा देतात. पण ती मुभा डॉक्टरांनी द्यायची. भावाने, डबीतून नव्हे.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे दिलेला सल्ला असा, की वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर ही औषधे शक्यतो पूर्णपणे टाळावीत आणि दुखण्यावर दुसरे काय द्यायचे हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावे. यातला दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. 'हे घेऊ नका' एवढे सांगून भागत नाही. माणसाचे दुखतेच. पर्याय हातात नसला की हात डबीकडे जातो.

काही गोड समजुती

जेवून घेतली की गोळी बाधत नाही, ही पहिली समजूत. मी तीच सांगितली होती. इंजेक्शन पोटात जात नाही म्हणून ते चालते, ही दुसरी. दोन्ही अपुऱ्या. गोळीने जठराला खरा अपाय होतो तो रक्तातून. औषध तोंडाने घ्या, दंडात घ्या, कुठूनही रक्तात पोचले की प्रोस्टाग्लँडिन बंद. तिसरी समजूत, सोबत पित्ताची गोळी घेतली की झाले. तिने धोका कमी होतो, संपत नाही. इटोरिकॉक्सिबसारखी नव्या पिढीची वेदनाशामके पोटाला सौम्य म्हणून ओळखली जातात. तीही पूर्ण निर्धोक नव्हेत. याच जातीचे रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरातून मागे घ्यावे लागले होते. पोट वाचवायला निघालेले औषध हृदयावर आले!

चौथी समजूत सर्वांत घातक. 'सगळे घेतात, मलाच काय होणार?' इथे मला गिधाडे आठवतात. माझ्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडांची दाटी दिसायची. ती नाहीशी का झाली याचा शोध घेणाऱ्यांना २००४ मध्ये उत्तर सापडले: डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर टोचले जाणारे हे औषध गुरांना मानवत होते, पण ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर आपल्या देशात बंदी आली. औषध तेच, देह बदलला की परिणाम बदलला. बायपासनंतर माणूस बाहेरून बारीक दिसतो एवढेच. आतून त्याचा देह दुसरा झालेला असतो.

मग करायचे काय?

आधी नावे ओळखू या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अॅसिड, किटोरोलॅक, पायरॉक्सिकॅम, अॅस्पिरिन ही सारी एकाच गोतावळ्यातली. गोळीच्या मोठ्या छापील नावावर जाऊ नका, खालची बारीक अक्षरे वाचा. जोडगोळ्यांत फसगत होते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असते. नावापुढे 'पी', 'प्लस' लागलेल्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत यांपैकी कुणीतरी बसलेले असते. दातदुखीला, पाळीच्या दुखण्याला, मुरगळल्या पायाला, सर्दी-अंगदुखीला दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतही हेच पाहुणे निघतात. सांधेदुखीवर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत. त्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघड झाले आहेत.

अशा रुग्णाचा पहिला आधार म्हणजे नुसते पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी बांधून दिलेल्या मात्रेत. जास्त झाले तर ते यकृताला इजा करते, हे विसरू नये. गुडघ्याला शेक, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, फिजिओथेरपी यांनी अक्काला गोळीपेक्षा जास्त दिले. चोळायच्या मलमातले फार थोडे औषध रक्तात उतरते. तरी तेही डॉक्टरांना विचारून. याउलट, हृदयासाठी कुणाला रोजची अॅस्पिरिनची छोटी गोळी चालू असेल तर हा लेख वाचून ती परस्पर बंद करू नये. त्याचा निर्णय हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून घेतील.

आणि खुणा. वरच्या पोटात जळजळ किंवा कुरतडल्यासारखे दुखणे, खाल्ल्यावर ते वाढणे, मळमळ, उलटी. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होणे, घेरी, धाप. लोहाच्या गोळीने रंग काळपट होतो, पण तो चिकटपणा आणि तो वास येत नाही. हा फरक आम्हाला ठाऊक असता, तर चार दिवस वाचले असते. शंका आली की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोटात एकाएकी असह्य कळ आली, रक्ताची उलटी झाली, तर मिनिटभरही थांबू नये. आणि तिथे पोचल्यावर पहिले वाक्य असावे: 'यांची जठराची बायपास झाली आहे.'

अक्काचा अल्सर भरायला चार महिने लागले. त्या काळात ती मला कधी काही बोलली नाही. मीच एकदा विषय काढला. ती म्हणाली, "अरे, तू विष थोडंच दिलंस? मायेनंच दिलंस ना." मग जरा थांबून म्हणाली, "पण विचारायचं होतंस बाबा. मीही विचारायचं होतं."

आता तिच्या सुनेने एक काम केले आहे. कपाटाच्या दाराला आतून मोठा कागद चिकटवलाय. त्यावर मराठीत, ठळक अक्षरांत: आईंची जठराची बायपास झाली आहे. खालील गोळ्या व इंजेक्शने देऊ नयेत. खाली नावांची यादी आणि दुखले तर काय द्यायचे तेही. त्याचीच एक छोटी चिठ्ठी अक्काच्या पर्समध्ये असते आणि फोटो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये. त्या दवाखान्याच्या कागदावर जे इंग्रजीतल्या एका ओळीत होते, ते आता घरातल्या नातवालाही वाचता येते.

आमची डबीही बदलली. कापलेले तुकडे फेकून दिले. आता पट्टी अख्खीच आणतो, नाव आणि तारीख दिसेल अशी.

मागच्या दिवाळीत शेजारच्या काकू फराळाला आल्या. अक्का पाय लांब करून बसलेली पाहून त्यांचा हात आपसूक पिशवीत गेला. "घ्या ना अक्का, माझ्याकडं आहे एक. लगेच उतरतं."

अक्का हसली. "नको माय. मला ती चालत नाही. तेवढी गरम पाण्याची पिशवी आणून दे."